आमची वाटचाल : दोरा, गाठ आणि पंचगंगा

१९९८ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये दोन मशीनवर आम्ही शेल कोअर बनवायला सुरुवात केली. कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या भागाच्या, आत पोकळी राहावी म्हणून साच्यात जो वाळूचा भाग बसवतात, तो कोअर. रेझिन चढवलेली वाळू तापलेल्या कोअर बॉक्समध्ये घट्ट होते, पण टेम्पोत चढली की तिचा स्वभाव पापडाचा. शेड आबांच्या दोस्ताचं होतं, म्हणून घेतलं. वीस वर्षं जागेचा विचार तेवढाच.

आमचे कोअर घेणाऱ्या फौंड्र्या, म्हणजे धातू ओतणारे कारखाने, मात्र शहराबाहेर होत्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागलची पंचतारांकित वसाहत. उद्यमनगरच्या गल्लीतून टेम्पो काढता काढताच डझनभर कोअर जायचे.

२०१८ मध्ये नवी जागा शोधायला लागलो तेव्हा थोरली मुलगी इंजिनिअरिंगला होती. मी कुठं किती टन माल जातो ते मांडून बसलो होतो. ती म्हणाली, "बाबा, टेम्पो अर्धा रिकामा गेला तरी डिझेल तेवढंच की." मग टन सोडून आठवड्याच्या फेऱ्या मोजल्या : शिरोली १४, गोकुळ शिरगाव ९, कागल ४. सीबीएस (शहराचा मुख्य एसटी) स्टँड शून्य धरून आलेखाच्या कागदावर तिन्ही वसाहती मांडल्या, प्रत्येकीचं पूर्व-पश्चिम अंतर फेऱ्यांनी गुणलं, बेरजेला २७ ने भागलं, आणि उत्तर-दक्षिण अंतराचंही तसंच केलं. बिंदू आला स्टँडपासून पूर्वेला ६ आणि दक्षिणेला २ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुडशिंगीच्या बाजूला, उसात!

या गुरुत्वमध्य पद्धतीत एक खोट आहे, ती मला उशिरा कळली. ती अंतराच्या वर्गावर चालते, त्यामुळे लांबचं एखादं गिऱ्हाईक बिंदूला उगाच आपल्याकडे ओढतं. खरोखर कमीत कमी किलोमीटर हवे असतील तर दुसरा उपाय, आणि तो कारखान्यातच झाला. प्लायवूडवर नकाशा चिकटवला, तीन ठिकाणी भोकं पाडली, तीन दोरे ओवून वर एकत्र गाठ मारली आणि खाली १४, ९ आणि ४ नट लटकवले. गाठ जिथं थांबेल ती जागा. याला व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं व्हारिन्योंची चौकट म्हणतात. आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाच्या कारखान्यांच्या जागांवरच्या १९०९ च्या पुस्तकातही ती आहे. आमची गाठ सरकत सरकत थेट शिरोलीच्या भोकात जाऊन बसली. साहजिकच होतं, ९ आणि ४ मिळून १३ च होतात. आबा बघत होते. "आरं, नट बांधून जागा ठरवतोयस व्हय?"

जानेवारी २०१९ मध्ये शिरोलीत गेलो. ऑगस्टमध्ये पंचगंगा हायवेवर आली. शेडात थेंबभर पाणी नाही, पण शहरातली पोरं कामावर येईनात आणि नदीपल्याड गोकुळ शिरगावला माल जाईना. जवळजवळ आठवडा. एका गिऱ्हाइकानं त्याच महिन्यात दुसरा कोअरवाला धरला. प्लायवूडवर नदी नव्हती, हा दोष दोऱ्याचा नव्हे, माझा.

मग गुणांकन केलं. फेऱ्यांचा खर्च, पुरातला रस्ता, कामगारांचं जाणं-येणं, वीज, भाडं. प्रत्येकाला भार, प्रत्येक जागेला दहापैकी गुण. यात फसवणूक फार सोपी असते. पहिल्या तक्त्यात मी भाड्याला इतका भार दिला की पंचतारांकितच जिंकावी. तिथलं स्वस्त शेड डोळ्यात भरलं होतं ना! मुलीनं गुण झाकून आधी भार लिहायला लावले, तेव्हा गोकुळ शिरगाव वर आलं.

२०२१ च्या सुरुवातीला तिथं हललो. शिरोलीत एक लहान गाळा ठेवला. शेल कोअर ओल फारशी धरत नाही, कोरड्यात चांगला टिकतो. म्हणून जूनअखेर तिथं पंधरा दिवसांचा साठा. त्याच जुलैत हायवे पुन्हा बंद झाला. शिरोलीचा एकही साचा आमच्यामुळं थांबला नाही.

मागच्या वर्षी एका नव्या गिऱ्हाइकामुळे कागलच्या फेऱ्या ४ वरून ११ वर गेल्या. प्लायवूड पुन्हा माळ्यावरून खाली आलं. आता गाठ आमच्या शेडपासून पाचेक किलोमीटर ईशान्येला थांबते. हलवायचा खर्च किती फेऱ्यांत फिटेल, ते गणित सध्या टेबलावर आहे. आबा म्हणतात, आधी ऊस कुणाचा ते बघा.