इंजिन तेच, मग टूरिंग गाडी कशासाठी?

स्टुटगार्टमध्ये मी यामाहाची एमटी-०७ ही मोटरसायकल चालवतो. येत्या हंगामापूर्वी ती शोरूमला देऊन त्याच कंपनीची ट्रेसर ७ ही टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची, गाडी घ्यावी का, याचा विचार सध्या आमच्या घरी चालू आहे. खानापूरच्या धाकट्या मेहुण्यांनी फोनवर नेमका मुद्दा काढला : "दाजी, दोन्हीत इंजिन तेच ६८९ सीसीचे, मग वरचे पैसे कशाचे द्यायचे?"

प्रश्न रास्त आहे आणि बेळगावात राहत असतो, तर मी गाडी मुळीच बदलली नसती. जांबोटीवरून चोर्ला घाट उतरताना वळणांमुळे वेग बेताचाच राहतो. तिथे हलकी, उघडी आणि चटकन वळणारी गाडीच हाताला बरी वाटते. इथे आल्प्समधल्या घाटांपर्यंत पोहोचायलाच आधी काही तास महामार्ग कापावा लागतो. जर्मनीत ज्या महामार्गांवर वेगमर्यादा नाही, तिथेही ताशी १३० किलोमीटर हा शिफारशीचा वेग आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० वरून १३० वर गेले की तो अडीच पटींहून अधिक होतो. तो सगळा दाब छातीवर येतो, हात हँडल आवळून धरतात, खांदे आखडतात, हेल्मेटसकट मान मागे ओढली जाते आणि दोन तासांनी पेट्रोल पंपावर उतरल्यावर क्लचवरची बोटे लगेच सरळही होत नाहीत. वरचे पैसे द्यायचे ते समोरच्या उंच काचेसाठी आणि ताठ बसता येईल अशा बैठकीसाठी.

दुसरे कारण माझ्या पत्नीचे आहे आणि माझ्या लेखी तेच मोठे आहे. एमटीची मागची सीट अरुंद आहे, धरायला दांडीही नाही. आल्प्समध्ये दिवसभर तिथे बसून राहणे ही तिला शिक्षाच होते. ट्रेसरची सीट ऐसपैस आहे, मागे धरायला दांड्या आहेत, शिवाय मागचे चाक धरणारा स्विंगआर्म लांब असल्यामुळे दोन माणसे आणि सामान असतानाही गाडी स्थिर राहते. जुन्या गाडीला काच आणि बॅगा बसवून भागेल का, तेही पाहिले. वारा थोडा अडेल, पण मागची बैठक तशीच राहील.

टाकी १४ ऐवजी १८ लिटरची मिळेल, पण पंप जागोजागी असल्याने त्याचे मला विशेष वाटत नाही. वजन १८४ वरून २०३ किलो होईल, म्हणजे आपल्याकडच्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० पेक्षा थोडे जास्त. ते पेलण्यासारखे आहे.

राहिला व्यवहार. थेट ग्राहकाला विकली तर जास्त पैसे येतात, हे इथेही खरे आहे. शोरूम कमी देते, कारण तीच गाडी पुढे विकताना तिच्यातील दोषांची कायदेशीर जबाबदारी शोरूमवर येते. माझी नंबरप्लेट हंगामी आहे. तिच्यावर सुरुवातीचा आणि शेवटचा महिना छापलेला असतो आणि त्या मुदतीबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. त्यामुळे थंडीत ग्राहकाला ती चालवून दाखवण्याची सोय नाही आणि मागणीही मंदावलेली असते.

तेव्हा वसंतात गाडी शोरूमलाच द्यायची, असे मी ठरवले आहे. त्याआधी एक अट मात्र आहे : पत्नीला मागे बसवून, आमचीच हेल्मेटे घालून, महामार्गावर तासभर ट्रेसर चालवून पाहायची. उंच काचेवरून येणारा वारा काही उंचीच्या माणसांच्या हेल्मेटवर आदळून डोके हलवत राहतो, आणि ते शोरूममध्ये बसून कळत नाही. तो त्रास तिला झाला, तर एमटीच ठेवू.