केबिनखालची रबरे

आमच्या घरची पिकअप १९८६ सालची आहे. वडिलांनी ती कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे पोहोचवण्यासाठी घेतली होती, आणि आता तिच्यावर घर चालत नसले तरी ती चालत्या स्थितीत राहावी म्हणून मी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तिचे एखादे मोठे काम हाती घेतो. यंदा डावा दरवाजा हाताने वर उचलून धरल्याशिवाय लागेना. बिजागऱ्या झिजल्या असाव्यात, असे आधी वाटले. पण दरवाजा उघडून हलवून पाहिला, तर बिजागऱ्यांमध्ये जराही खेळ नव्हता. मग केबिन आणि हौदा यांमधली फट मोजली. उजवीकडे ती वरपासून खालपर्यंत २८ मिलिमीटर होती, डावीकडे मात्र खाली २८ आणि वर ३५. दरवाजा उतरलाच नव्हता. केबिनचा पुढचा डावा कोपरा खाली बसला होता.

या गाडीची केबिन चेसिसवर थेट टेकत नाही. चेसिसच्या ब्रॅकेटच्या वर एक आणि खाली एक अशी दोन रबरे असतात, दोहोंतून लोखंडी नळी जाते, नळीतून बोल्ट येतो आणि खाली मोठा वायसर लावून नट आवळला जातो. खड्ड्यातून जाताना चेसिस पिळली जाते, आणि तो पीळ पातळ पत्र्याच्या केबिनपर्यंत पोहोचू न देणे हे या रबरांचे काम आहे. ती दबून दगडासारखी झाली की पीळ पत्रा सोसतो आणि वेल्डिंगचे टाके एकेक करून सुटू लागतात.

चारही नटांवर तीन दिवस गंज सोडवणारे तेल सोडत राहिलो. तीन सुटले, डाव्या पुढच्या बोल्टाचे डोके मात्र तळच्या पत्र्यासकट गरगर फिरू लागले, तेव्हा तो ग्राइंडरने कापावा लागला. स्टिअरिंगचा जोड, रेडिएटरचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि बॅटरीची तार सोडवून, उजवीकडचे नट नुसते सैल ठेवून, जॅकवर लाकडी फळी देऊन डावी बाजू ४० मिलिमीटर उचलली. डाव्या पुढच्या बोल्टाजवळ केबिनच्या तळाला पत्र्याची बंद पेटी आहे; तिला पेचकस टेकवला तसा पत्रा पापडासारखा मोडला आणि आतून वाळलेल्या गाळाची ढेकळे खाली पडली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती. तिचे इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळे आम्ही तेव्हाच धुऊन काढले होते, पण या बंद पेटीत शिरलेला गाळ कुणाच्याच ध्यानात आला नाही, आणि तो पुढच्या प्रत्येक पावसात ओल धरून बसला.

मी नवी रबरे आधीच आणून ठेवली होती. ती पाहून उद्यमनगरातले मिस्त्रीमामा म्हणाले, "रबर नवं घालशील रं, पण त्याला बसाय जागा कुठं ऱ्हायलीय?" त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, तिथे तीन मिलिमीटरची पट्टी वाकवून वेल्ड केली, आत-बाहेर झिंकयुक्त प्रायमर मारला आणि पेटीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्यासाठी आठ मिलिमीटरचे छिद्र ठेवले. मुळात असे छिद्र नव्हते.

सर्वाधिक वेळ गेला तो नळ्यांवर. रबर किती दाबले जावे हे नट आवळणाऱ्याच्या जोरावर सोडायचे नसते. नळी वायसरला टेकली की नट थांबतो, म्हणजे दाब ठरतो तो नळीच्या लांबीवर. वरचे रबर ३० मिलिमीटर, ब्रॅकेट ६, खालचे रबर २०, अशी बेरीज ५६ येते. नळी ५६ ठेवली तर रबर सैल राहून केबिन खडखडते, आणि ती फारच आखूड केली तर नवे रबरही वर्षभरात फाटते. जुन्या नळ्या गंजून टोकांशी वेड्यावाकड्या खाल्ल्या गेल्या होत्या, त्यामुळे त्यांचे माप घेण्यात अर्थ नव्हता. टर्नरशी बसून हिशेब केला आणि जाड पाइपाच्या नळ्या लेथवर ५० मिलिमीटरला कापून दोन्ही तोंडे काटकोनात करून घेतली.

रबरांऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक, प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) बुश घालण्याचा आग्रह दोघा-तिघांनी केला. ते तेलाने खराब होत नाहीत आणि दबतही कमी, हे मला मान्य आहे. परंतु ते कडक असतात, आणि या वयाच्या पत्र्याला इंजिनाची थरथर थेट देणे मला पटत नाही. म्हणून साधारण ६० शोअरचे (शोअर हे रबराच्या कडकपणाचे माप) रबरच ठेवले. वायसर मात्र मोठ्या व्यासाचे आणि जाड घेतले, आणि नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे नट वापरले. रबरांमुळे केबिन चेसिसपासून विजेच्या दृष्टीनेही तुटते, म्हणून अर्थिंगची जुनी पट्टी टाकून नवी तांब्याची पट्टी लावली.

आता डावीकडची फट वर-खाली २८ आणि २९ आहे, दरवाजा दोन बोटांनी लागतो. गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो आणि ५०० किलोमीटर झाल्यावर चारही नट पुन्हा तपासले; मागचा उजवा पाव फेरा सरकला, बाकीचे जागचे हलले नाहीत. ते पाण्याचे छिद्र चिखलाने बुजू नये म्हणून एक तार ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवली आहे, आणि जूनपासून दर रविवारी ती त्यात फिरवतो.