एमपीएच म्हणजे डॉक्टरकी सोडणं नाही

वाशीहून हार्बरची गाडी पकडली की खाडी ओलांडून मानखुर्द आणि त्याच्या पुढचंच गोवंडी, तिथून जवळच देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) अशा दोन मोठ्या संस्था आहेत. नवी मुंबईत आयुर्वेद, डेंटल, नर्सिंगची एवढी कॉलेजेस, पण पोरांना या दोन नावांबद्दल, किंवा एमपीएच म्हणजे पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्स पदवीबद्दल कोणी धड सांगतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऐरोलीची माझी भाची बीएएमएस झालीये. परवा म्हणाली, "मावशी, एमपीएच केलं तर लोक म्हणतील हिला दवाखाना चालवणं जमलं नाही." मी म्हटलं, अगं दवाखान्यात जो येईल तोच तुला दिसणार ना, जो आलाच नाही त्याच्याकडे कोण बघणार?

पब्लिक हेल्थ शिकायचं ते त्या न आलेल्या माणसासाठी. म्हणजे अमुक इतक्या बाळांना लस दिली हा आकडा ऐकला की पहिला प्रश्न पडायला हवा, एकूण बाळं किती होती, छेद काय घेतलाय? आयआयपीएसवाले ज्या एनएफएचएसचं, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम बघतात त्यात पूर्ण लसीकरण मोजतात ते १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं, आधी कार्ड मागतात, कार्ड नसेल तर आई सांगेल ते लिहून घेतात. दोन वर्षांखालच्या बाळाची उंची त्याला झोपवून मोजतात, आता रडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या बाळाला फळीवर सरळ धरायचं म्हणजे काय ते करून बघा एकदा! पेपरात आपण कुपोषणाची टक्केवारी वाचतो ती अशा मोजण्यातून येते.

ही आयआयपीएस १९५६ पासून लोकसंख्येचा अभ्यास शिकवतेय, १९८५ ला अभिमत विद्यापीठ झाली. तिथे गणित-स्टॅटिस्टिक्सवाल्यांचं जास्त जमतं. टिसला एमपीएच आहे, त्याचा कल समाज आणि आरोग्य यंत्रणेकडे, आणि तिथे फक्त डॉक्टरच लागतात असंही नाही. लांब जायची तयारी असेल तर त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन सेंटरला १९९७ पासून एमपीएच चालू आहे.

नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर बऱ्याचशा कंत्राटी असतात, दर वर्षी रिन्यूअलची धाकधूक, हे सरकारने बदलायलाच पाहिजे. पण कामाला तोटा नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडचे पाडे आहेत, नियमाने आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र हवं, सपाटीवर ५,००० मागे, आणि त्या ३,००० मध्ये वीटभट्टीवर कामाला गेलेली कुटुंबं धरायची की नाही, ती परत येईपर्यंत बाळाचा पुढचा डोस कुठे द्यायचा, हे वर्गात बसून नाही कळत.

म्हणून ॲडमिशन घेताना फी नि हॉस्टेलच्या आधी विचारा, फील्डवर्क किती आठवडे, कुठे, आणि सोबत शिक्षक येतात का. समोरचा इथेच अडखळला तर ते कॉलेज सोडून द्या.