दोन बेटं, नऊ दिवस, चौघं जण: कोह ताओ आणि कोह फांगान

पहिल्या यादीत सहा ठिकाणं होती. फुकेत, फी फी, क्राबी, समुई, फांगान आणि ताओ. नऊ दिवसांत सगळं बसतंय असं कागदावर दिसत होतं. पण खर्चाचा हिशोब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की राहण्या-खाण्यापेक्षा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यातच जास्त पैसे चाललेत. दर वेळी बोटीचं तिकीट, धक्क्यापर्यंतची गाडी, उतरल्यावर पुन्हा गाडी, आणि वर अर्धा दिवस सामान ओढण्यात जाणार. आम्ही चौघंही नोकरी करणारे, मोजून रजा घेतलेले. चार नावं खोडली, दोन ठेवली. या सहलीतला सगळ्यात मोठा खर्च इथेच वाचला, आणि समुद्रही यामुळेच नीट पाहता आला.

थायलंडला दोन समुद्र आहेत आणि त्यांचा पावसाळा वेगवेगळा असतो, हे आधी समजून घ्या. पश्चिमेला अंदमान समुद्र (फुकेत, क्राबी, फी फी). तिथे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस आणि मोठ्या लाटा. पूर्वेला थायलंडचं आखात (समुई, फांगान, ताओ). तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी आखाताच्या वाटेला जाऊ नये. आम्ही मार्चच्या सुरुवातीला गेलो. पाणी तलावासारखं शांत होतं.

बँकॉकहून ताओला जायला आम्ही रात्रीची रेल्वे आणि सकाळची बोट असा मार्ग धरला. विमानाने समुईला उतरून बोट धरता येते, पण ते तिकीट महाग पडतं. रेल्वेत एका रात्रीचं हॉटेलही वाचतं. दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या 2023 पासून जुन्या हुआ लाम्फोंगहून नाही, तर क्रुंग थेप अफिवात या नव्या मोठ्या स्टेशनवरून सुटतात. तिथे जायला मेट्रोच्या निळ्या मार्गावरचं बांग सू स्टेशन सोयीचं. दुसऱ्या वर्गाच्या एसी डब्यात खालचा बर्थ रुंद आणि खिडकीचा, वरचा अरुंद आणि थोडा स्वस्त. बिछाना अटेंडंट घालून देतो. एसी इतका थंड असतो की स्वेटर हाताशी ठेवाच, आणि दिवे रात्रभर चालू राहतात, तेव्हा डोळ्यांवर बांधायला काहीतरी घ्या. गाडीत आणि स्टेशनात दारू पिण्यावर बंदी आहे.

चुंफोनला पहाटे उतरलो. बोट कंपनीची बस स्टेशनवरूनच धक्क्यावर नेते. बोटीचं तिकीट काढताना बससकट आहे ना, एवढं पाहून घ्यायचं. धक्क्यावर प्रत्येकाच्या छातीवर त्याच्या बेटाचं स्टिकर चिकटवतात. आमची गाडी अर्धा तास उशिरा पोचली तरी बोट चुकली नाही, कारण मध्ये तीन तास ठेवले होते. दोनपेक्षा कमी ठेवू नका. ज्यांना बोट लागते त्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी, खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसावं आणि फोन बाजूला ठेवून नजर क्षितिजावर ठेवावी.

कोह ताओ जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं आहे. कोह म्हणजे बेट, ताओ म्हणजे कासव. 1899 मध्ये थायलंडचा राजा चुलालोंगकोर्न इथे आला होता आणि त्याने एका कातळावर आपली आद्याक्षरं कोरवून घेतली. 1940 च्या दशकात हेच बेट राजकीय कैद्यांचा तुरुंग होतं. आता इथे डायव्हिंग शिकायला जगभरातून लोक येतात. बहुतेक जण पश्चिमेच्या साइरी किनाऱ्यावर राहतात. आम्ही दक्षिणेला चालोक बान काओला खोल्या घेतल्या. तिथे रात्री आवाज कमी, पाणी उथळ, आणि पंख्याच्या खोल्या एसीपेक्षा बऱ्याच स्वस्त. दोघांच्या खोलीला आम्ही दिवसाला 800 बाट दिले. फक्त नकाशावरचं अंतर पाहून खोली ठरवू नका. दोन किलोमीटर दिसतं, पण मध्ये चढ असा की सामान घेऊन चालणं अशक्य. खोलीवाले धक्क्यावरून न्यायला येतात का, हे आधीच विचारा, कारण ताओवर टॅक्सीचे दर फार आहेत.

आता मुख्य गोष्ट. चौघांनी आपापला मास्क आणि स्नॉर्कल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी) घरूनच आणला होता. रोजचं भाडं वाचलं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मास्क आपल्या चेहऱ्याला बसणारा होता. दुकानात घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर पाणी थोडं झिरपतंच.

आमच्यातल्या एका मित्राला पोहता येत नाही. पहिल्या दिवशी तो काठावर बसून आमचे कपडे सांभाळत होता. दुसऱ्या दिवशी आओ लुएक या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, लाइफ जॅकेट घालून, त्याने फक्त चेहरा पाण्यात घातला. वर आला तेव्हा काही बोलेचना. मग म्हणाला, "अरे, खाली कुरकुर आवाज येतोय." तो आवाज पोपटमाशांचा. चोचीसारख्या दातांनी ते प्रवाळ आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातात, आणि शरीरातून बाहेर पडणारी प्रवाळाची पूड वाळू होते. आपण ज्या पांढऱ्या पुळणीवर टॉवेल टाकतो, तिचा बराच भाग या माशांनी तयार केलेला असतो. हे त्याला सांगितल्यावर तो तासभर पाण्याबाहेर आला नाही. तुमच्यातही असं कुणी असेल तर त्याला बोटीच्या सहलीवर ढकलू नका. आधी दोन दिवस उथळ पाण्यात, एका माणसाच्या सोबतीने जाऊ द्या.

पूर्वेचा टॅनोट बे, उत्तर-पूर्वेचा हिन वोंग, दक्षिणेचा शार्क बे, सगळीकडे किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं. शार्क बेमध्ये सकाळी लवकर गेलात तर काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क दिसतात. ते माणसाला बुजतात. खरं जपायचं ते टायटन ट्रिगरफिशपासून. हा दीडेक हात लांबीचा मासा अंडी घातली की घरट्याभोवतीची जागा राखतो, आणि ती जागा वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखी पृष्ठभागापर्यंत जाते. तो अंगावर आला तर सरळ वर पळू नका, कारण वरही त्याचीच हद्द आहे. फिन्स (पायातले पोहण्याचे पंजे) त्याच्याकडे ठेवून आडवं बाजूला व्हायचं. आमच्या मैत्रिणीचा फिन त्याने दोनदा चावला.

तीच मैत्रीण ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स करत होती. तीन-चार दिवसांचा कोर्स, शेवटी 18 मीटरपर्यंत उतरायची परवानगी. खर्च साधारण 11,000 बाटच्या आसपास. पाचशे बाट स्वस्त म्हणून कुठलीही शाळा धरू नका. एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ, विमा आहे का, हे विचारा. चार जणांपेक्षा मोठा गट असेल तर दुसरीकडे बघा. आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा किंवा कानाचा त्रास लपवणं जिवावर बेतू शकतं. आणि शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, तेव्हा डायव्हिंग सहलीच्या पहिल्या भागात उरका.

एक गोष्ट मनाला लागली. 2024 च्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापून आखातातली बरीच प्रवाळं पांढरी पडली होती. काही ठिकाणी रंग परत आलेत, काही ठिकाणी नुसता करडा सांगाडा आहे. त्यावर उभं राहू नका, दोन मिनिटं विसावायलाही नाही. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट यांसारखी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर 2021 पासून बंदी आहे. उद्यानाबाहेरही तो नियम पाळायला काय हरकत आहे? पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातला की सनस्क्रीन लागतंच किती!

ताओशेजारची कोह नांग युआन, म्हणजे वाळूच्या पट्ट्याने जोडलेली तीन बेटुकली, फोटोत दिसते तशीच सुंदर आहे. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत आणि प्रवेश शुल्क वेगळं. सकाळी पहिल्या बोटीने जा. दहानंतर समुईकडच्या बोटी येतात आणि टेकडीवर रांग लागते.

खाण्याचं. आमच्यातली दोघं शाकाहारी. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस जवळजवळ सगळ्यात असतो, त्यामुळे भाज्याच दिसल्या म्हणून तो पदार्थ शाकाहारी ठरत नाही. "जे" हा एक शब्द पाठ करा. त्यात मांस-मासे काहीच नसतात, शिवाय कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या फलकावर लाल अक्षर दिसलं की ती जागा "जे" अन्नाची. किनाऱ्यावरच्या टेबलांपेक्षा आतल्या रस्त्यावरच्या टपरीवर जेवण निम्म्या पैशात होतं. रिकाम्या बाटल्या जपून ठेवा. पाण्याच्या यंत्रात नाणं टाकून त्या अगदी स्वस्तात भरता येतात. एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाट किंवा त्याहून जास्त कापतात. म्हणून आम्ही चौघांची सुरुवातीलाच काँट्री काढली, एकाच्या कार्डावरून एकदाच मोठी रक्कम काढली आणि त्या पाकिटाचा हिशोब एकीकडेच ठेवला. रोजच्या टीटीएमएमची कटकट संपली.

स्कूटरबद्दल जरा सविस्तर सांगते. भाडं दिवसाला 200 ते 250 बाट, म्हणून मोह होतो. रस्ते खडे, वळणांवर वाळू. आमच्यापैकी एकजण टॅनोटच्या उतारावर घसरला, गुडघा सोलवटला, दवाखान्याचं बिल बऱ्यापैकी झालं. ते विम्यातून मिळालं, कारण त्याच्याकडे दुचाकीचा शिक्का असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना होता आणि डोक्यावर हेल्मेट होतं. परवाना नसता तर कंपनीने एक बाटही दिला नसता. हा परवाना आरटीओतून निघण्याआधी काढा. दुकानदार तारण म्हणून पासपोर्ट मागतात, तो देऊ नका. रोख अनामत घेणारं दुकान शोधलं तर सापडतं. गाडी घेताना प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा, दुकानदारासमोर. एका ठिकाणी आमच्यावर जुन्या चऱ्याचे पैसे लावायचा प्रयत्न झाला, तो व्हिडिओ दाखवल्यावर तिथेच थांबला. स्कूटर चालवायची सवय नसेल तर फांगानवर सोंगथाव, म्हणजे मागे बाकं असलेली पिकअप, चौघांत परवडते.

पाचव्या दिवशी फांगानला गेलो. हे बेट ताओच्या कितीतरी पट मोठं. हाद रिनची पौर्णिमेची पार्टी सगळ्यांना माहीत असते. आम्ही पौर्णिमा मुद्दाम टाळली, कारण त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात आणि किमान अमुक रात्री राहायची अट घालतात. वायव्येला मे हादला ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावरून कोह मा बेटापर्यंत चालत जाता येतं. भरतीची वेळ पाहून निघा. थान सादेतच्या ओढ्यापाशी चुलालोंगकोर्न अनेकदा येऊन राहिला होता, तिथल्या कातळांवरही राजांची आद्याक्षरं आहेत. मार्चमध्ये पाणी कमी होतं, तरी सावलीत दुपार छान गेली. रात्री किनाऱ्यावर बसलं की क्षितिजावर हिरव्या दिव्यांची ओळ दिसते. त्या माकूल पकडणाऱ्या होड्या. आम्ही चारही रात्री तिथेच बसलो, आणि त्याला काही पैसे पडले नाहीत.

याच पाण्यात बॉक्स जेलिफिशही असतात, विशेषतः पावसाळी महिन्यांत. फांगान-समुईच्या किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली असते, ती कुठे आहे ते पाण्यात शिरण्याआधी पाहून ठेवा. दंश झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. व्हिनेगर ओतायचं आणि मदत बोलवायची. रात्री पाण्यात उतरू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. मे 2025 पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी सरकारी साइटवरच पाहा. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, कुणाच्या बॅगेत असेल तर घरीच ठेवायला लावा.

परतीला फांगानच्या थोंग साला धक्क्याहून बोट, मुख्य भूमीवरच्या डॉन साक धक्क्याहून बस आणि सुरत थानीहून रात्रीची गाडी. सुरत थानीचं रेल्वे स्टेशन शहरात नाही, दहाबारा किलोमीटरवर फुनफिनला आहे, हे बसचं तिकीट काढताना सांगा. त्या दिवशी वारा सुटला आणि बोट दोन तास उशिरा निघाली. विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं होतं, म्हणून कुणाच्या पोटात गोळा आला नाही. बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका.

फुनफिनच्या फलाटावर गाडीला अजून तासभर होता. ज्याला पोहता येत नव्हतं तो मित्र फोनमध्ये डोकं घालून बसला होता. विचारलं तर म्हणाला, तलावाच्या सकाळच्या बॅचचा फॉर्म भरतोय, मला फक्त सांगा, सहाची घेऊ की सातची.