१९ शीट, एकच भाव

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघते. दिवाळी पाडव्याला सौदे सुरू झाले की शेठना रोज संध्याकाळी कोल्हापूर, सांगली, पुणे इथले भाव एका जागी लागतात: आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. आधी मी वेबसाइटवर बघून आकडे हातानं उतरवायची. मग एक्सेलच्या डेटा टॅबवर 'फ्रॉम वेब' सापडलं. पानाचा पत्ता टाकला की त्यावरचे तक्ते समोर येतात, हवा तो निवडून लोड करायचा. ते पहिल्याच दिवशी जमलं.

अडलं ते पुढं. त्या पानावर फक्त त्या दिवसाचे भाव असतात. म्हणून मी रोज नवीन शीट घ्यायची, तारखेचं नाव द्यायची आणि तोच पत्ता टाकून पुन्हा तक्ता आणायची. आकडे शीटमध्ये आले म्हणजे आपले झाले, असं मी धरून चालले होते. प्रत्येक शीटमागं एक क्वेरी, म्हणजे पानावरून आकडे आणणारी जोडणी, राहते आणि ती अजून त्याच पानाकडं बघत असते, हे मला माहीतच नव्हतं. उजवीकडच्या पट्टीत 'टेबल ०', 'टेबल ० (२)', 'टेबल ० (३)' अशी रांग वाढत होती. मी ती पट्टी बंद करून टाकायची, जागा अडते म्हणून.

१९ शीट झाल्या. त्या दिवशी सांगलीचा भाव पानावर उशिरा चढला, म्हणून मी 'रिफ्रेश ऑल' दाबलं. सवयीनं सेव्ह केलं आणि फाइल शेठना पाठवली. दहा मिनिटांत फोन आला, "ताई, पाडव्यापासून गूळ एकाच भावानं गेला का काय?"

उघडून बघितलं तर सगळ्या १९ शीटवर आजचेच आकडे. आवकसुद्धा तीच. नावं मात्र वेगवेगळ्या तारखांची. कंट्रोल झेड दाबून काही परत आलं नाही. मला रडू आलं. आमच्या सौद्यांच्या पट्ट्या होत्या, पण त्यात आमच्याच दुकानातला माल. सांगली-पुण्याचं काय? शेवटी मी शेठना रोज व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवायची ते आठवलं. दोन रात्री बसून त्या फोटोंवरून आकडे भरले.

आता एकच क्वेरी ठेवली आहे, 'आज' नावाच्या शीटवर. संध्याकाळी रिफ्रेश करते, आकडे नजरेखालून घालते आणि 'नोंद' शीटच्या तळाला पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवते, शेजारी तारीख. बाकीच्या १८ क्वेरी राइट क्लिक करून डिलीट केल्या. डिलीट करताना हात थरथरत होता, पण तक्ता जात नाही. आकडे तसेच राहतात, फक्त पानाशी नातं तुटतं. मला हेच आधी कळायला हवं होतं.

जिल्ह्यांच्या यादीसारखं एकदाच आणायचं असेल तर आणल्याबरोबर क्वेरी काढून टाका. क्वेरीच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल उघडताना रिफ्रेश करण्याची खूण असेल तर तीही काढा. कुणाला फाइल पाठवायची तर क्वेरी नसलेली प्रत पाठवा, नाहीतर समोरच्याला वर सुरक्षेच्या इशाऱ्याची पिवळी पट्टी दिसते आणि तो घाबरून फोन करतो.

आणि हो, तारखा. ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर, पण माझ्या कॉम्प्युटरनं ११ मे लावलं होतं. पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमध्ये क्वेरी दुरुस्त करायची खिडकी उघडते तिथं, कॉलमचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकेल' घेऊन इंग्लिश (इंडिया) निवडल्यावर ते सुटलं.

तीन दिवसांचे फोटो मात्र सापडले नाहीत. 'नोंद' शीटवर सांगली-पुण्याचे ते रकाने मी रिकामेच ठेवले आहेत, अंदाजानं भरले नाहीत.