चोवीस पिसांचा पतंग: ओढ्याकाठच्या तीन रात्री आणि एक नोंद

रात्री उजेडाकडे येणारे पतंग, म्हणजे फुलपाखरांचे निशाचर भाऊबंद, बघायला आम्ही पांढरी चादर ताणून तिच्यापाशी दिवा लावतो. पहिल्या दोन रात्री वाऱ्याने ती चादर नुसती फडफडत राहिली. एकही सूक्ष्म पतंग टिकला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं, वारा पडला, उकडायला लागलं. त्यात अमावास्या दोन दिवसांवर. पतंग बघायला अशीच रात्र हवी. अंधार पडायच्या आत आम्ही दोघं ओढ्याकाठच्या झाडीत पोहोचलो, दोन झाडांना दोरी बांधून पांढरी चादर ताणली, तिचा खालचा भाग जमिनीवर पसरून दगडांनी दाबला आणि अतिनील दिवा लावला. (त्या दिव्याकडे टक लावून बघू नका; अतिनील किरण अडवणारा चष्मा जवळ असलेला बरा.)

नवखी माणसं चादरीवरच खिळून राहतात. मोठे पतंग तिथे येऊन बसतातही, पण बारके पुष्कळदा खालच्या चुण्यांत किंवा दिव्यापासून चार हात लांब, पानाआड थांबतात. म्हणून दर अर्ध्या तासाने आजूबाजूची झुडपं टॉर्चने बघून यायची. दहाच्या सुमाराला मित्राने हाक मारली, "इकडे ये, काहीतरी चपटं बसलंय." नखाएवढा, करडा-तपकिरी, पंख पसरून पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेला. जिओमेट्रिडी कुळातला एखादा बारका पतंग असेल, असं म्हणून मी पुढे निघालेच होते. त्याने भिंग हातात दिलं.

भिंगातून पाहिलं तर पंखाची कड सलग नव्हतीच. पंख जवळजवळ मुळापासून चिरत गेलेला, प्रत्येक भाग म्हणजे एक पीस: मधे बारीक दांडी, दोन्ही बाजूंना केसांची झालर. पिसांवरचे गडद ठिपके शेजारच्या पिसावरच्या ठिपक्यांना असे जुळलेले, की लांबून त्यांचे अखंड पट्टे दिसावेत. मी श्वास रोखून मोजलं. एका पंखाला सहा, चार पंखांना चोवीस.

सहा पिसं मोजली की कुळ ठरलं: अ‍ॅल्युसिटिडी. जगात या कुळाच्या दोनशेहून जास्त जाती माहीत आहेत. इंग्रजीत याला ‘वीस पिसांचा पतंग’ म्हणतात, पण सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली युरोपातल्या जातीला ‘हेक्साडॅक्टिला’, म्हणजे सहा बोटांची, असं नाव दिलं, ते पंखाशी बरोबर जुळतं. टेरोफोरिडी कुळातल्या पतंगांनाही पिसं असतात, मात्र ते पंख गुंडाळून इंग्रजी ‘टी’सारखे बसतात आणि त्यांचा पुढचा पंख बहुधा दोन भागांत, मागचा तीन भागांत चिरलेला असतो.

असा पतंग दिसला की पान हलवायच्या आधी, आहे तिथेच पहिला फोटो घ्या. मग पारदर्शक नळीत घेऊन थोडा वेळ गार ठेवला की तो शांत बसतो. वरून घेताना कॅमेरा पंखांना समांतर हवा, नाहीतर पिसं मोजता येत नाहीत. डोक्याचा बाजूने एक फोटो हवाच, कारण तोंडापुढच्या पाल्पची (स्पर्शकासारख्या छोट्या अवयवांची) लांबी आणि वळण तिथेच दिसतं. नळीखाली मिलिमीटरचा आलेख कागद ठेवा. आमच्या पतंगाचा पुढचा पंख सहा मिलिमीटर भरला.

आता नावाचं. फोनमधल्या अ‍ॅपने लगेच ‘हेक्साडॅक्टिला’ सुचवलं. ज्या जातीचे फोटो भरपूर आहेत तिचं नाव वर येणं स्वाभाविक आहे. पण तिच्या अळ्या हनीसकल या फुलवेलीच्या कळ्यांत वाढतात आणि त्या झाडीत हनीसकल कुठेच नाही. या कुळात जात ठरवायला बहुतेक वेळा जननांगं तपासावी लागतात, म्हणजे पतंग मारावा लागतो. आमच्याकडे ना तशी परवानगी, ना ते शिक्षण. म्हणून नोंद ‘अ‍ॅल्युसिटिडी, जात अनिश्चित’ अशी केली. परिसराच्या यादीत हे कुळ आजवर नव्हतं, तेव्हा नाव लावायचा मोह जबर होता. पण चुकीचं नाव नोंदींच्या नकाशावर चढलं की पुढचा माणूस आपला फोटो त्याच्याशीच ताडून बघतो, आणि चूक पसरत जाते. कुळापर्यंतची खरी नोंद मला कधीही जास्त मोलाची वाटते.

तारखेचाही घोळ होतो. दुसरा पतंग आला तो रात्री पावणेएकला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. रात्रीच्या नोंदींना संध्याकाळची तारीख धरायची पद्धत आहे. मी दोन्ही तारखा आणि वेळ लिहिते. कॅमेऱ्याचं घड्याळ एक दिवस मागे असल्याचं तर घरी आल्यावर कळलं. आता दर वेळी पहिला फोटो फोनच्या घड्याळाचा काढते. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, त्यांतली संभाव्य चूक किती मीटर, दिवा कुठला, किती वेळ लावला, हवा कशी होती, हे सगळं लिहा. वाऱ्याच्या त्या दोन रिकाम्या रात्रीही आम्ही नोंदवल्यात.

दोन वाजता दिवा विझवला आणि चादर हलक्या हाताने झटकली. पहाटेपर्यंत पतंग तिथेच राहिले तर पक्षी आयतेच टिपतात. नळीतला पतंग दुसऱ्या संध्याकाळी त्याच झुडपात सोडला.

त्याच वेळी झुडपाच्या कळ्या पाहिल्या. या कुळातल्या पुष्कळ अळ्या कळ्या, फुलं, फळं यांच्या आत वाढतात. चार कळ्यांना टाचणीएवढी भोकं होती, भोवती बारीक भुशासारखी विष्ठा. आतल्या अळ्या याच पतंगाच्या आहेत असं आत्ता म्हणता येणार नाही. ती एक डहाळी बरणीत ठेवली आहे, तोंडाला कापड, तळाला टिपकागद, वर तारीख आणि ठिकाणाची चिठ्ठी. आज सकाळी टिपकागदावर ताजी विष्ठा पडलेली होती.