पाच बोटं आणि मधलं भात

रविवारी आईला फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास काय?" त्यानंतर हल्ली बसचं रडगाणं सुरू होतं.

बेळगावातल्या टिळकवाडीतलं घर पहिल्या रेल्वे गेटपासून पाच मिनिटांवर होतं. ते सोडून आई-बाबा गेल्या वर्षी नव्या लेआउटमध्ये गेले. रुंद रस्ते, बांधलेली गटारं, कोपऱ्यावर बाग. बस मात्र मेन रोडलाच थांबते, तिथून दीड किलोमीटर तंगडतोड. 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. "फुकट आहे की, खरं बसपर्यंत जायला रिक्षाला ऐंशी रुपये मोजूलोय," इति आई.

मी राहतो कोपनहेगनच्या नैऋत्येला, ईसहॉयमध्ये. स्टेशनातून बाहेर पडलो की समोर बाजार, वाटेत दूध-भाजी घ्यायची आणि सात मिनिटांत घर. मला वाटायचं, श्रीमंत देश आहे, जमतं यांना. पण हे ठरलं 1947 साली, दुसरं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती तेव्हा. नियोजनकारांनी नकाशावर हाताचा पंजा ठेवला. तळहात म्हणजे जुनं शहर, पाच बोटं म्हणजे लोकल रेल्वेचे पाच मार्ग. वस्ती बोटांवरच वाढवायची, बोटांच्या मधली शेतं आणि रानं मोकळी ठेवायची. आमच्या बोटावर रूळ आणि गावं एकाच वेळी आखली गेली. 1983 साली लोकल शेवटच्या टोकाला, कोएला पोचली. पुढं नियम आला, की दीड हजार चौरस मीटरहून मोठं ऑफिस स्टेशनपासून 600 मीटरच्या आत हवं. या एका नियमानं रस्त्यावरच्या मोटारी जितक्या कमी झाल्या असतील तितक्या दहा उड्डाणपुलांनी होणार नाहीत, असं माझं मत.

सगळंच गोड नाही. एका बोटावरून दुसऱ्यावर जायचं तर आधी तळहातात शिरा. म्हणून तर ईसहॉयपासून 28 किलोमीटरची आडवी ट्राम टाकायला घेतली. शिवाय मी ईसहॉयला राहतो म्हटलं की ऑफिसातल्या काहींच्या भुवया वर जातात. सिमेंटच्या उंच चाळी, बाहेरून आलेले लोक फार, वगैरे. तसल्या बाहेरच्यांतलाच मी एक.

परवा सहज बेळगावच्या नकाशावर पंजा ठेवून बघितला. खानापूर, वेंगुर्ला रोड, कोल्हापूर, बागलकोट, धारवाड. मोजून पाच! बोटांच्या मधे येळ्ळूर, वडगाव, शहापूरचं शिवार, म्हणजे बेळगाव बासमतीची जमीन. हलगा-मच्छे बायपाससाठी याच जमिनी मागितल्या तेव्हा शेतकरी कोर्टात गेले. कुणाला ते विकासाच्या आड येणं वाटलं. मला ते बोटांमधलं रान राखणं वाटतं.

आणि रूळ तर दोन बोटांवर आधीपासून आहेत. एकीकडं देसूर, दुसरीकडं सांबरा, सुळेभावी. ही स्टेशनं म्हणजे गाडी क्षणभर थांबायची जागा, बाकी शुकशुकाट. लेआउट मात्र जिथं जमीन स्वस्त मिळेल तिथं पडतात. कित्तूरमार्गे धारवाडची नवी लाईन 2020 साली मंजूर झाली. तिच्या स्टेशनांभोवती काय बांधायचं हे आत्ताच ठरवलं नाही तर प्लॉटवाले ठरवतील. ते कामाला लागले असणार, एवढी त्यांची नजर तयार असते.

हे सगळं आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"बस आत येणार म्हणूलेत पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "हे मागच्या दिवाळीतबी म्हणत होते."

मागून बाबांचा आवाज आला. त्यांनी बहात्तराव्या वर्षी स्कूटर बुक केलीय.